खोडव्याचं पाचट : जिवाणूंच्या ताटात नत्र वाढा

सांगली-साताऱ्याच्या वाळवा, पलूस, कराड पट्ट्यात सध्या ऊसतोड जोरात आहे. टोळी फडाबाहेर पडली की दुसऱ्या दिवशी काडी ओढायची, ही सवय काही सुटत नाही. कळकळीनं सांगतो, पाचट, म्हणजे तोडीनंतर फडात उरणारा उसाचा वाळका पाला, पेटवू नका. एकरी तीन-चार टन पाचट निघतं आणि त्यात 40 टक्क्यांच्या आसपास कर्ब (कार्बन) असतो. राखेतून पालाश (पोटॅश) मिळतो हे खरं, पण कर्ब आणि नत्र (नायट्रोजन) जवळपास सगळाच धुरावाटे जातो.

“पाचट ठेवलं, पण खोडवा पिवळा पडला,” ही तक्रार दर हंगामात ऐकायला मिळते. खोडवा म्हणजे तोडीनंतर जमिनीत राहिलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारा ऊस. ती खोटी नाही. पाचट आपोआप कुजत नाही, जिवाणू आणि बुरशी ते खातात. त्यांचं अंगही आपल्यासारखंच कर्ब, हायड्रोजन, ऑक्सिजन, नत्र, स्फुरद (फॉस्फरस), गंधक यांचं बनलेलं. नत्राशिवाय प्रथिनं नाहीत, स्फुरदाशिवाय डीएनए नाही. जिवाणूच्या शरीरात साधारण 8 भाग कर्बाला 1 भाग नत्र असतो. खाल्लेल्या कर्बातला दोन तृतीयांश श्वासावाटे निघून जातो, म्हणून त्यांच्या खाण्यात 24 भाग कर्बामागे 1 भाग नत्र लागतो. पाचटात नत्र जेमतेम अर्धा टक्का, म्हणजे 80 ला 1. कमी पडलेला नत्र ते जमिनीतून ओढतात आणि कोवळ्या फुटव्यांच्या तोंडचा घास जातो.

तो घास आपण वरून द्यायचा. बुडख्यांवरचं पाचट सरीत ओढा, बुडखे धारदार कोयत्यानं जमिनीलगत छाटा. मग पाचटावर एकरी 50 किलो युरिया, 50 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 4 किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत सारखं पसरा. जिवाणू खत कुजलेल्या शेणखतात मिसळलं की पसरायला सोपं जातं. युरियाचं पोतं आता 45 किलोचं येतं, तेव्हा दुसऱ्यातलं 5 किलो काढावं लागेल. सुपरमधून स्फुरदाबरोबर गंधकही मिळतो. हा युरिया खोडव्याच्या खताच्या हप्त्यात मात्र धरू नका.

युरिया टाकला की लगेच पाणी सोडा. गोमूत्रात असतो तोच हा पदार्थ. पाचटावरच्या विकरामुळे (एन्झाइममुळे) तो फुटतो आणि अमोनिया होतो. ओल नसेल तर तो हवेत उडतो. फडात डोळ्यांना झोंबणारा वास आला तर समजा, पैसे उडून चाललेत.

15 फेब्रुवारीनंतर तुटलेल्या उसाचा खोडवा शक्यतो ठेवू नका.

महिन्याभरानं सरीतलं पाचट हातानं उचकटून बघा. खाली पांढरे बुरशीचे धागे, पहिल्या पावसासारखा वास आणि चिमटीत तुटणारं पान दिसलं की काम सुरू झालंय. करकर वाजत असेल, तर एक हलकं पाणी द्या.