कॅरिअरवर बॅटरी बसवताना डिस्क ब्रेक आडवा आला

सायकल इलेक्ट्रिक करताना फ्रेमच्या त्रिकोणात बॅटरी मावेना, म्हणून ती मागच्या कॅरिअरवर घेतली. सीटच्या दांड्याला आवळायचं कॅरिअर मी मुद्दामच टाळलं. तीन-चार किलो वजन मागे लोंबकळलं की खड्ड्यात ते दांड्याभोवती फिरतं. दोन्ही पाय एक्सलजवळच्या भोकांत बसणारं, २५ किलो क्षमता छापलेलं घेतलं.

अडलं ते डाव्या बाजूला. कॅरिअरचा पाय थेट ब्रेकच्या कॅलिपरवर, म्हणजे चकती दाबणाऱ्या भागावर, टेकत होता. तो वाकवायचा मोह होतो, पण ॲल्युमिनियम वाकवलं तिथेच पुढे चिरतं. मी फ्रेम आणि पाय यांच्यामध्ये धातूचा स्पेसर (अंतर ठेवणारी छोटी नळी) घातला आणि तेवढ्याच मापाने लांब एम५, म्हणजे ५ मिमी जाडीचा, बोल्ट लावला. स्पेसर जेमतेम फट पडेल इतकाच हवा. जास्त लांब झाला की बोल्टवर वाकवणारा ताण येतो. उजवीकडे बोल्टचं टोक आत डोकावून साखळीला लागत नाही ना, हे चाक फिरवून पाहिलं.

बोल्टच्या आट्यांना निळं थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा गोंद), बॅटरीखाली जुन्या ट्यूबची पट्टी. वायरला कनेक्टरच्या खाली झोल दिला, म्हणजे पावसाचं पाणी कनेक्टरमध्ये न शिरता झोलातूनच ठिबकतं. पहिल्या फेरीनंतर बोल्ट पुन्हा तपासा, थोडे सैल पडतातच.