सोलापूरकरांनो, कैरोला निघालाय तर सगळे दिवस पिरॅमिडवर घालवू नका

गड्डा यात्रा उरकली की निघा, म्हणजे जानेवारीचा शेवट. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिकडं हवा मस्त असते. आपण ४३-४४ चं ऊन सोसतो म्हणून मे महिन्यात जायचं धाडस करू नका, पिरॅमिडच्या पठारावर सावली नावालापण नाही. रमजान कधी आहे तेवढं आधी बघून घ्या, त्या महिन्यात बऱ्याच जागा लवकर बंद होतात. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं मुंबई आणि पुढं विमान, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आता आपल्याकडचे बहुतेक लोक टूरवाल्यांबरोबर जातात, पिरॅमिड, म्युझियम, रात्री नाईलवर बोटीत जेवण, आणि झालं कैरो. माझं स्पष्ट मत आहे की गिझाला, म्हणजे पिरॅमिडच्या भागाला, एक दिवस बास. पिरॅमिड भारी आहेतच ओ, खुफूचा मोठा पिरॅमिड मुळात साधारण १४६ मीटर उंच होता, आता १३८ च्या आसपास उरलाय, जवळ जाऊन एकेका दगडाशेजारी उभं राहिल्याशिवाय तो आकार डोक्यात शिरत नाही. पण आत जायचं तिकीट वेगळं असतं आणि गुडघे दुखत असतील तर नकोच, वाकून वाकून चढायचं आणि वर काय तर ग्रॅनाईटची रिकामी खोली न् एक दगडी पेटी. उंटवाल्याशी ठरवताना चढायचे, फिरायचे आणि उतरायचे असे सगळे मिळून किती ते आधीच बोलून घ्या, नाहीतर वर बसवून फिरवतील आणि उतरायचे पैसे वेगळे मागतील.

तिथंच जवळ नवीन ग्रँड इजिप्शियन म्युझियम झालंय, २०२५ च्या नोव्हेंबरात त्याचं अधिकृत उद्घाटन झालं. तुतनखामुन राजाचा सगळा खजिना आता तिथंच आहे, तिकीट आधीच ऑनलाईन काढून ठेवा. राजांच्या ममी मात्र तिथं नाहीत बरं का. २०२१ मध्ये मोठी मिरवणूक काढून २२ ममी कैरोतल्याच फुस्तात भागातल्या म्युझियममध्ये हलवल्या, पोरांना ममीच बघायच्या असतील तर तिकडं न्या.

आता मुख्य गोष्ट. एक पूर्ण दिवस जुन्या शहरातल्या मुइझ रस्त्याला द्या, आणि पायी, उत्तरेकडनं दक्षिणेकडं. फातिमी या मुस्लिम राजघराण्यानं ९६९ मध्ये वसवलेलं शहर ते हेच. सुरुवात बाब अल-फुतुह वेशीपासून करा, आत शिरलं की लगेच अल-हाकिम मशीद, हिचा जीर्णोद्धार दाऊदी बोहरा समाजानं केलाय, २०२३ मध्ये मोदी गेले होते ती हीच. पुढं सुलतान कलाऊनची इमारत चुकवू नका, १२८४-८५ ची, मकबरा, मदरसा आणि दवाखाना सगळं एकाच ठिकाणी, मकबऱ्यात रंगीत काचांतनं ऊन आत येतं तिथं दहा मिनिटं नुसतं बसा. खान अल-खलिली बाजारात चहा प्या, गल्लीबोळात हिंडा, पण खरेदी तिथं करू नका, सगळा टुरिस्ट माल. अल-अझहर मशीद जवळच आहे. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळेला मशिदी बघता येत नाहीत त्यामुळं तो वार टाळा, बायकांनी ओढणी जवळ ठेवा, बूट काढून हातात धरायला एक पिशवी असू द्या.

शेवटाला बाब झुवेला, १०९२ ची वेस, तिच्यावर मशिदीचे दोन मिनार उभे आहेत आणि तिकीट काढून वर चढता येतं. जिना अंधारा न् अरुंद, पण वरनं सगळं जुनं शहर दिसतं. खाली उतरून वेशीच्या बाहेर सरळ गेलात की खयामियाची गल्ली, तंबू शिवणाऱ्यांची, वरनं छत असलेली. पूर्वी तंबू व्हायचे, आता जाड सुती कापडावर रंगीत तुकडे हातानं शिवून भिंतीवर लावायचे पडदे, उशांचे अभ्रे करतात, आणि शिवणारे बहुतेक पुरुषच, मांडी घालून दुकानातच बसलेले असतात. इथं सोलापूरची नजर कामाला येते. आपण चादर घेताना जशी उलटी करून बघतो तसंच करायचं, मागच्या बाजूला बारीक टाके दिसले तर हातकाम, आणि नुसती छपाई असेल तर ते मंडपाचं स्वस्त कापड, दोन्ही त्याच नक्षीत मिळतं आणि लांबून फरक कळत नाही. भाव करा, पण हातकामाला फार पाडून मागू नका, एकेका तुकड्याला किती वेळ लागतो ते आपल्याला काय सांगायचं!

दुसऱ्या दिवशी किल्ला, सलाहुद्दीननं ११७६ मध्ये बांधायला घेतलेला. आतली मुहम्मद अलीची मशीद सगळेजण बघतातच, पण मला किल्ल्याखालची सुलतान हसनची जास्त आवडली, चौदाव्या शतकातली, आत गेलं की मान वरच राहते. वेळ उरला तर इब्न तुलूनची मशीद.

कॉप्टिक, म्हणजे तिथल्या ख्रिश्चनांच्या जुन्या भागात मेट्रोनं जा, मार गिरगिस स्टेशनला उतरलं की समोरच, रोमन किल्ल्याच्या वेशीवर बांधलेलं हँगिंग चर्च आणि जवळच बेन एझ्रा सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. मेट्रोत बायकांना वेगळे डबे असतात.

खाण्याचं टेन्शन घेऊ नका. कोशरी म्हणजे भात, मसूर, मॅकरोनी, छोले, वरनं टोमॅटोचा रस्सा न् तळलेला कांदा, पूर्ण शाकाहारी आणि पोटभर. तिखट सॉस वेगळा देतात, तरी आपल्या जिभेला कमीच, त्यामुळं शेंगाचटणीचं पाकीट बॅगेत टाका. लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत, करकदे म्हणतात, ते प्याच.

आणि विमानात बसल्या बसल्या अरबी आकडे पाठ करा, दुकानांत भाव त्यातच लिहिलेले असतात. त्यांचा पाच अगदी आपल्या शून्यासारखा दिसतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका, तेव्हा पन्नासची पाटी वाचताना घोळ होतोच.