कागदाला भोक पाडायचं पिस्तूल

भाच्याचा पहिलाच प्रश्न होता, "मावशी, किती पॉवरचं घेऊ?"

"दहा मीटरवरच्या कागदाला भोक पाडायला कसली आलीय पॉवर?" मी म्हटलं. स्पर्धेतली एअर पिस्तुलंसुद्धा सेकंदाला साधारण दीडशे मीटरच्या वेगानेच छर्रा सोडतात. कागद तेवढ्यात फाटतो, आणि व्यवस्थित फाटतो. पण त्याचा प्रश्न मला नवा नव्हता. मी स्वतः एक्केचाळिसाव्या वर्षी नेमबाजी सुरू केली तेव्हा दुकानदाराला हेच विचारलं होतं आणि त्याने आनंदाने मला चुकीचं पिस्तूल विकलं होतं.

सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या छोट्या नळकांडीवर चालणारं, सगळं धातूचं, गोळी सुटली की वरचा भाग खाडकन मागेपुढे होणारं. दिसायला एकदम अस्सल. आतली नळी मात्र गुळगुळीत, म्हणजे गोळीला फिरकी देणारे आटे नाहीत, आणि खायला पोलादी गोळ्या. दहा मीटरवर दहा गोळ्या मारल्या की भोकं जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत विखुरलेली. तीन महिने मी माझ्या हाताला दोष देत बसले. एकदा एक गोळी मागच्या फळीवरून उलटून चष्म्याच्या काचेवर टिक्कन आपटली. त्या दिवशी सरांनी काही न बोलता क्लबचं जुनं, रंग उडालेलं, एका दट्ट्याने हवा भरायचं पिस्तूल हातात दिलं. पहिल्या पाचही गोळ्या काळ्या वर्तुळात! हात तोच होता की.

म्हणून मी आता नव्या माणसाला एकच सांगते: तुम्ही पिस्तूल विकत घेत नाही, ट्रिगर विकत घेताय. त्याला जी नळी आणि मूठ जोडलेली मिळेल ती दुय्यम. पैसे कमी असतील तर बाकी सगळीकडे काटकसर करा, ट्रिगरवर नको.

त्याच्याही आधी एक रूक्ष काम उरका. तुम्ही राहता तिथे कुठल्या पिस्तुलाला परवाना लागतो, कुठल्याला नाही, वयाची अट काय, घरी ठेवायचे नियम काय, हे लेखी वाचा. दुकानदाराच्या तोंडी भरवशावर राहू नका. काही देशांत एअर पिस्तूल सहज मिळतं, काही ठिकाणी त्यालाही कागदपत्रं लागतात.

आता स्वस्त म्हणजे काय ते ठरवू. नवा माणूस पिस्तुलाची किंमत बघतो. मी महिन्याला किती गोळ्या झाडणार ते विचारते. आठवड्याला तीन दिवस, दर वेळी साठ गोळ्या धरल्या तर आठवड्याच्या १८० झाल्या. मॅच, म्हणजे स्पर्धेच्या छर्ऱ्यांची डबी सहसा ५०० ची असते, ती तीन आठवडेसुद्धा पुरत नाही. हाच हिशेब पॉइंट टू-टूच्या, म्हणजे ०.२२ इंची बारुदी काडतुसांवर करा, मग नाइन एमएमवर करा. आकडा प्रत्येक पायरीला उडी मारतो. शिवाय नाइन एमएमचा दणका आणि आवाज नवशिक्याला डोळे मिटायला शिकवतो, आणि ही खोड सोडवताना कोचच्या नाकी नऊ येतात. म्हणून शिकायला ४.५ मिलिमीटरचं एअर पिस्तूल. पुढे वाटलं तर पॉइंट टू-टू. करमणुकीच्या कागदी नेमबाजीसाठी याहून मोठ्याची गरज मला तरी कधी वाटली नाही.

ट्रिगर कसा पाहायचा? दुकानदाराची परवानगी घ्या, पिस्तूल रिकामं आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा, नळी सुरक्षित दिशेला ठेवा आणि बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर ठेवून अगदी सावकाश दाबत जा. चांगल्या ट्रिगरचे दोन टप्पे असतात. आधी थोडा हलका, मोकळा प्रवास, मग एक स्पष्ट भिंत. भिंतीला बोट टेकवून तुम्ही निवांत थांबू शकलात, आणि तिथून किंचित दाब वाढवताच काच तडकावी तसा तो सुटला, तर काम झालं. वाईट ट्रिगर खरखरतो, मध्येच अडतो, सुटला असं वाटतं पण सुटत नाही, आणि सुटल्यावर मागे ढिला झोका खातो. हा शेवटचा झोका फार वाईट, कारण छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आतच पिस्तूल हलतं.

वजनाचा आकडा हवा असेल तर आंतरराष्ट्रीय नियमांत दहा मीटर एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा लागतो, पंचवीस मीटरच्या पॉइंट टू-टू पिस्तुलाचा १००० ग्रॅमचा. एअर पिस्तुलासाठी घरगुती युक्ती अशी: अर्धा लिटरची भरलेली बाटली दोरीने ट्रिगरला अडकवायची, रिकाम्या पिस्तुलाची नळी सरळ वर धरायची आणि हळूहळू उचलायचं. बाटली उचलली जाऊनही ट्रिगर सुटला नाही तर तो अर्ध्या किलोच्या थोडा वरच आहे. बाटलीचंही वजन असतंच, पण बाजारहाटाच्या पातळीवर एवढं चालतं. स्वस्त पिस्तुलाचा ट्रिगर दीड किलोचा निघाला तरी घाबरू नका, फक्त तो दर वेळी तेवढाच असायला हवा. जड पण एकसारखा ट्रिगर शिकता येतो, हलका पण लहरी येत नाही.

आणखी एक कसोटी मला फार आवडते. छर्ऱ्याशिवाय ट्रिगर दाबायची, म्हणजे ड्राय फायरची, सोय त्या पिस्तुलात आहे का ते विचारा. असेल तर नळीवर, पुढच्या साइटच्या (नेम धरायच्या खुणेच्या) मागे, एक नाणं आडवं ठेवा आणि ट्रिगर दाबा. नाणं पडलं तर दोष कोणाचा हे लगेच कळत नाही, पण एका पिस्तुलावर दहापैकी आठदा पडतं आणि शेजारच्यावर दोनदाच, तर निर्णय झालाच की. पुढे घरीही हाच सराव फुकटात करता येतो. मी रोज रात्री वीस मिनिटं भिंतीवरच्या कोऱ्या कागदासमोर हेच करते.

मुठीकडे वळू. डोळे मिटा, हात सरळ करून पिस्तूल उचला, आरामात स्थिर व्हा आणि डोळे उघडा. पुढची साइट मागच्या खाचेत बऱ्यापैकी मधोमध दिसली तर मूठ तुमच्या हाताची आहे. ती सारखी एकाच बाजूला पळत असेल तर मनगट वाकवून ती जुळवू नका. पंचाहत्तर मिनिटांत साठ गोळ्या मारायच्या असतील तर विसाव्या गोळीनंतर ते मनगट तुमचं ऐकणार नाही. मॅच पिस्तुलांच्या लाकडी मुठी लहान, मध्यम, मोठ्या अशा मापांत आणि डाव्या-उजव्या हाताच्या वेगवेगळ्या येतात. माझा हात लहान. मी मध्यम मूठ घेतली आणि दोन रविवार खर्ची घालून कानशीने घासली, अंगठ्याखाली पोकळी राहिली तिथे लाकडाची लांबी (पुट्टी) भरली. दिसायला गचाळ झाली आहे, पण आता ती माझ्याच हातात बसते. प्लॅस्टिकची मूठ असली तर तीही घासता येते, मात्र भिंत पातळ असेल तर आरपार भोक पडतं. हे मला कसं माहीत ते विचारू नका.

साइटबद्दल एक हिशेब सांगते, कारण तो कळला की छोट्या, खिशात मावणाऱ्या पिस्तुलांचा मोह आपोआप सुटतो. पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर समजा ३३ सेंटिमीटर आहे आणि तुमच्याकडून पुढची साइट एक मिलिमीटर सरकली. दहा मीटरवर तो छर्रा ३० मिलिमीटर बाजूला जातो. एअर पिस्तुलाच्या कागदावर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं, पुढचं प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटरने बाहेर. म्हणजे तुम्हाला सात गुण. तेच अंतर १५ सेंटिमीटर असेल तर तोच एक मिलिमीटर छर्ऱ्याला सत्तर मिलिमीटरच्या जवळ नेऊन टाकतो. दोन गुण. हात तेवढाच हलला होता. म्हणून नळी लांबट, साइट दूर-दूर, आणि मागची साइट स्क्रूने डावी-उजवी, वर-खाली सरकवता येणारी हवीच. ठोकून बसवलेल्या साइटचं पिस्तूल कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

हवा कशी भरायची, हा प्रश्न दुकानात सगळ्यात जास्त चघळला जातो. स्प्रिंगचं पिस्तूल टिकाऊ, पण आतला दट्ट्या धावताना पिस्तूल दोन्हीकडे हिसके देतं. पहिलं म्हणून नको. सीओटू सोपं, पण थंडीत दाब उतरतो आणि भोकं खाली सरकतात, शिवाय नळकांड्या सतत विकत घ्याव्या लागतात. सिलिंडरचं, म्हणजे २०० बारपर्यंत दाबलेली हवा वापरणारं, सर्वात गुळगुळीत. मोरिनी, स्टायर, वाल्थर, फाइनवर्कबाऊ ही स्पर्धांत दिसणारी मंडळी याच जातीची. पण त्याला पंप नाहीतर मोठा सिलिंडर लागतो, आणि तो खर्च लोक हिशेबात धरायचा विसरतात.

माझं मत एका दट्ट्याच्या हवेला, सिंगल-स्ट्रोकला. तरफ उघडून एकदा दाबली की एका गोळीपुरती हवा तयार. धक्का जवळजवळ नाही, बाहेरून काही विकत घ्यायचं नाही, थंडी-उन्हाचा फारसा फरक पडत नाही. बायकालचं इझ-४६एम या जातीचं जुनं, दणकट आणि ट्रिगर भरपूर जुळवता येणारं पिस्तूल. चांगल्या स्थितीत सापडलं तर मी दुसरं बघणार नाही. वायराउखचं एचडब्ल्यू ४० आणि गामोचं कॉम्पॅक्ट ही आणखी दोन साधी नावं, हलकी आणि सुरुवातीला पुरेशी. तरफ ओढून हात दमतो ही तक्रार खरी आहे. पण त्यामुळे माणूस धडाधड छर्रे उडवत नाही, हा मला फायदाच वाटतो.

जुनं घ्यायला काहीच हरकत नाही. माझं सध्याचंही जुनंच आहे. फक्त सिलिंडरवाल्या पिस्तुलाच्या सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. बहुतेक मॅच पिस्तुलांच्या सिलिंडरची मुदत कंपनीने दहा वर्षांची दिलेली असते, आणि मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत तर चालत नाहीच, घरीही वापरू नये. मला एकाने "फक्त दोनदा वापरलंय" म्हणून दाखवलेलं पिस्तूल खरंच नव्यासारखं होतं, पण दोन्ही सिलिंडर केव्हाच बाद झालेले. नव्या दोन सिलिंडरांची किंमत मिळवली तर तो सौदा सौदा राहिला नसता. दाबमापक असेल तर सिलिंडर भरून रात्रभर ठेवायला सांगा. सकाळी काटा खाली आला की कुठलं तरी रबरी वॉशर गेलंय. ते स्वस्तात बदलतं, पण किंमत पाडून घ्यायला चांगलं निमित्त असतं. नळीच्या तोंडाला ठोका, ओरखडा आहे का ते नखाने चाचपा.

पॉइंट टू-टूकडे जायचंच असेल तर थोडक्यात. रुगरची मार्क मालिका १९४९ पासून चालत आलेल्या जुन्या रचनेवर बेतलेली. २०१६ चं मार्क फोर एका बटनावर उघडतं, आणि आधीच्या मार्क थ्रीला साफ करून परत जोडताना ज्यांनी घाम गाळलाय त्यांना या बटनाचं मोल कळेल. ब्राउनिंगचं बक मार्क १९८५ पासून आहे, त्याचा ट्रिगर मुळातच बरा असतो. स्मिथ अँड वेसनचं मॉडेल ४१ सुंदर, पण ते या लेखाच्या बजेटमधलं नाही. या जातीत पिस्तुलाइतकंच काडतूस महत्त्वाचं. प्रत्येक नळीची आवड वेगळी, म्हणून तीन-चार प्रकारांचा ५० चा एकेक खोका घ्या, टेबलावर हात टेकवून प्रत्येकाच्या दहा-दहा गोळ्या मारा, आणि ज्याची भोकं सर्वांत जवळ पडतील तेच पुढे वापरा. अतिवेगवान काडतुसांच्या मागे लागू नका. साध्या वेगाची सहसा जास्त नेटकी पडतात. रिकामा ट्रिगर दाबायचा असेल तर आधी माहितीपुस्तिका वाचा, कारण काही पॉइंट टू-टू पिस्तुलांत फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी सुई) नळीच्या कडेवर आदळून ती कड दबते.

बजेटमधला थोडा भाग बाजूला ठेवा: सुरक्षा चष्मा, पॉइंट टू-टूला कानाची टोपणं, छर्रे अडकवायची पेटी, कुलूपबंद डबा. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय तोंडाला हात लावायचा नाही. छर्रे घेताना चपट्या तोंडाचेच घ्या. टोकदार छर्रा कागद फाडतो, चपटा गोल भोक कापतो आणि गुण मोजायला भांडण होत नाही.

भाच्याने शेवटी जुनं सिंगल-स्ट्रोक घेतलं. मूठ त्याला थोडी जाड होते. काल रात्री साडेदहाला फोन, "मावशी, पॉलिश पेपर किती नंबरचा आणू?"

"ऐंशीचा आण," मी म्हटलं, "आणि घासायच्या आधी मूठ पिस्तुलावरून काढ."

पलीकडे बराच वेळ शांतता होती.