बुडापेस्ट: शुक्रवार ते सोमवार, कमी खर्चात

आधी तारीख ठरवा, कारण खोलीचं भाडं तिच्यावरच अवलंबून आहे. जुलैअखेरची फॉर्म्युला वन शर्यत, ऑगस्टमधला सिगेत हा संगीत महोत्सव आणि २० ऑगस्टचा राष्ट्रीय दिन या काळात दर चढतात. नोव्हेंबरचा पूर्वार्ध किंवा फेब्रुवारी-मार्च हे दिवस स्वस्त. थंडी असते खरी, पण उघड्यावरच्या गरम कुंडांची खरी मजा तेव्हाच.

खोली किल्ल्याजवळ शोधू नका. डॅन्यूब नदीच्या पूर्वेकडच्या पेश्त बाजूला ४ आणि ६ नंबरच्या ट्रामच्या मार्गावर, म्हणजे ओक्टोगोन, ब्लाहा लुय्झा तेर किंवा कोर्विन-नेजेद या थांब्यांच्या आसपास घ्या. ६ नंबरची ट्राम रात्रभर चालते, त्यामुळे उशीर झाला तरी टॅक्सी लागत नाही. सातव्या विभागातल्या बारच्या गल्ल्या मात्र टाळा. तिथे झोप होत नाही.

विमानतळावरून दोन बस आहेत. १००-ई थेट मध्यवर्ती देआक तेरला नेते, पण तिला वेगळं, महाग तिकीट लागतं आणि शहर वाहतुकीचा ७२ तासांचा पास तिच्यात चालत नाही. २००-ई नेहमीच्या तिकिटावर किंवा पासवर कोबान्या-किश्पेश्तपर्यंत नेते. तिथून मेट्रो ३ पकडायची. उतरल्याबरोबर ७२ तासांचा पास घेऊन २००-ई पकडली, तर शहरात येणं त्याच पैशांत होतं. पास तासांवर मोजतात: शुक्रवारी दुपारी तीनला सुरू केला, तर सोमवारी तीनपर्यंत चालतो. साधं एकेरी तिकीट ट्राम बदलली की संपतं आणि ते चढताना वैध करावं लागतं. हे न कळल्यामुळेच बरेच पाहुणे दंड भरतात. तपासनीस मेट्रोच्या दारातच उभे असतात.

चलन फोरिंट आहे. दुकानात युरो दिले तर दर वाईट मिळतो, विमानतळावरच्या काउंटरवरही तेच. एटीएम बँकेचं निवडा, रस्त्यावरचं रंगीबेरंगी खासगी यंत्र नको. यंत्राने किंवा कार्ड मशीनने 'तुमच्या चलनात रक्कम घेऊ का?' असं विचारलं, तर नेहमी फोरिंटच निवडा. नाहीतर त्यांचा दर लागतो आणि तो तुमच्या बँकेच्या दरापेक्षा बहुधा महाग पडतो.

किल्ल्यावर जायला शिक्लो ही रोपरेल्वे पासात बसत नाही. देआक तेरहून सुटणारी १६ नंबरची बस मात्र पासावर चालते, आणि ती थेट वर सोडते. तिथल्या फिशरमन्स बॅस्टियन या शहर दिसणाऱ्या गच्चीचे खालचे सज्जे मोफत आहेत. दृश्य जवळपास तेच. संसद आतून पाहायची तर युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकांना तिकीट बरंच महाग आहे, म्हणून ती बाहेरून, रात्री, २ नंबरच्या ट्राममधून पाहा. नदीवरून बोटीची फेरी घेण्याआधी ही ट्राम नक्की करून बघा.

गरम पाण्याच्या स्नानगृहावर मात्र हात आखडू नका. १९१३चं सेचेनी भव्य आहे, पण शनिवार-रविवारी दर वाढतो, त्यामुळे ते सोमवारी सकाळी ठेवा. लुकाच साधं आणि स्वस्त आहे. टॉवेल, चपला बरोबर न्या. तिथले टॉवेल महाग पडतात. पोहण्याच्या तलावात टोपी सक्तीची असते.

जेवण कामाच्या दिवशी दुपारी करा: 'नापी मेन्यू' पाटी असलेल्या ठिकाणी सूप आणि मुख्य पदार्थ ठरलेल्या किमतीत मिळतात. शाकाहारींसाठी फोझेलेक, म्हणजे दाटसर भाजी, सोयीची. पण वर मांस घालू नका असं आधीच सांगा. बिलात 'सेर्वीझदीय' लिहिलं असेल तर सेवाशुल्क आधीच घेतलेलं आहे, वेगळी टीप देऊ नका.