बॅटरी बदलण्याआधी दोन रात्री थांबा! चार्जिंग टिकत नाही म्हणून होणाऱ्या चुका

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात एक वाक्य रोज ऐकू येतं, "दादा, बॅटरी बदलून द्या, चार्जिंग टिकंना झालंय." मी फोन हातात घेतो आणि विचारतो, "रात्री झोपल्यावर किती टक्के उतरतं?" बहुतेकांना सांगता येत नाही. संध्याकाळी पाच टक्के उरले एवढंच त्यांच्या लक्षात असतं. बॅटरी बदलली की आमचा धंदा होतो, नाही कशाला म्हणू? पण आठ दिवसांनी तोच माणूस तीच तक्रार घेऊन काउंटरवर उभा राहिला, तर चार गिऱ्हाइकांसमोर काय बोलायचं?

म्हणून सगळ्यात मोठी चूक हीच, की चार्जिंग कोण खातंय ते न बघता बॅटरी बदलायला धावणं. टाकीला भोक पडलंय की कुणी नळ चालू सोडलाय, हे आधी बघावं लागतं. त्यासाठी दुकानात यायची गरज नाही.

पहिल्या रात्री झोपताना किती टक्के आहेत ते कागदावर लिहा, चार्जर काढून ठेवा, वायफाय आणि डेटा नेहमीसारखा चालू राहू दे. सकाळी उठल्यावर परत लिहा. सात-आठ तासांत चार-पाच टक्के गेले, तर काळजीचं कारण नाही. पंधरा-वीस गेले, तर काहीतरी नक्की जागं आहे. दुसऱ्या रात्री तेवढ्याच चार्जिंगवर एअरप्लेन मोड लावून झोपा. घरात कुणी आजारी असेल, रात्री फोन येण्यासारखा असेल, तर ही रात्र दुसऱ्या दिवसावर ढकला. एअरप्लेन मोडमध्ये उतरणं जवळपास थांबलं, तर बॅटरी शाबूत आहे. गडबड रेंजची किंवा नेटवर राबणाऱ्या एखाद्या ॲपची. तरीही तेवढंच उतरलं, तर तिसऱ्या रात्री सेफ मोड. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये बंद करायचा पर्याय स्क्रीनवर आला की त्यावर बोट दाबून धरलं, की सेफ मोड विचारतो. त्यात फोनसोबत आलेली ॲप तेवढी चालतात. तिथं फरक पडला, तर तुम्हीच टाकलेलं एखादं ॲप चोर आहे. नाही पडला, तर मग खुशाल बॅटरीवर किंवा फोनच्या आतल्या सर्किट बोर्डावर संशय घ्या.

चोरालाच राखण

मंगळवार पेठेतल्या एक काकू आल्या होत्या. सकाळी शंभर टक्के, दुपारी दोनला फोन बंद. त्यांच्यासमोरच सेटिंगमध्ये जाऊन बॅटरीचा वापर उघडला. स्क्रीन जेमतेम तासभर चालू होती. यादीत सगळ्यात वर मात्र एक हिरव्या चिन्हाचं ॲप, ३१ टक्के त्याच्या नावावर, आणि खाली लिहिलेलं की पडद्यामागं नऊ तास चालू. ते ॲप कसलं? बॅटरी वाचवायचं! भाच्यानं टाकून दिलं होतं. दर थोड्या वेळानं सगळं साफ करायला ते जागं व्हायचं आणि फोनला झोपूच द्यायचं नाही. काकू म्हणाल्या, "म्हंजे चोरालाच राखण बसवलं म्हणा की!" ॲप काढलं, विषय संपला. पैसे घेतले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी डबाभर चिवडा आला.

ही यादी वाचताना एक गफलत होते. व्हॉट्सॲप किंवा यूट्यूब वर दिसलं की लोक त्यालाच दोष देतात. तुम्ही दोन तास व्हिडिओ बघितले, तर ते वर दिसणारच. बघायचं ते हे, की तुम्ही न उघडताही कोण तासन्‌तास चालू राहिलंय. अशा ॲपचा पडद्यामागचा बॅटरी वापर सेटिंगमधून बंद करा, नको असेल तर काढून टाका. मात्र मेसेज येणाऱ्या ॲपवर हा लगाम घालू नका, नाहीतर सकाळचा निरोप दुपारी मिळेल.

दुसरी खोड म्हणजे दर पाच मिनिटांनी उघडी ॲप बोटानं वर ढकलून काढणं. बसल्या बसल्या हात चालतोच. २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ आलं, तेव्हापासून फोन स्वतःच ॲपना झोपवतो. तुम्ही हाकललेलं ॲप पुन्हा उघडताना पहिल्यापासून सुरू होतं आणि त्यातच जास्त जळतं. अडकलेलं ॲप तेवढं काढा.

आणि सिस्टिम अपडेट टाकल्यावर एक-दोन दिवस जास्त उतरलं, तर लगेच रिसेट मारायला बसू नका. आतमध्ये ॲपची आणि फोटोंची नव्यानं मांडामांड चाललेली असते.

गगनबावड्याला गेलं की

शहरात शिकायला असलेला गगनबावड्याकडचा एक पोरगा दोनदा बॅटरी बदलून आमच्याकडं आला होता. कोल्हापुरात फोन रात्रीपर्यंत पुरतो, गावी गेलं की दुपारीच मान टाकतो. बॅटरीला काय माहीत गाव कुठलं? पण मोबाईलला माहीत असतं. टॉवर लांब, मध्ये डोंगर, वरून पाऊस, की फोनला ओरडून बोलावं लागतं, म्हणजे सिग्नल पाठवायला जास्त ताकद लावावी लागते. रेंज पुरतीच गेली, की टॉवर शोधत बसतो. त्यात त्याच्या फोनमधल्या दुसऱ्या सिमला गावात रेंजच नव्हती. तेवढं एक सिम सेटिंगमधून बंद केलं, फाइव्ह-जी काढून फोर-जी ठेवलं, करूळ घाट उतरताना एअरप्लेन मोड लावायला सांगितलं. तिसरी बॅटरी वाचली. शिरोली, गोकुळ शिरगावच्या पत्र्याच्या शेडमध्ये काम करणाऱ्यांचंही असंच असतं. घरी वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी वायफायवरून कॉल, चालू करून बघा, काही फोनमध्ये बराच फरक पडतो.

ब्राइटनेस कमी ठेवा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. डार्क मोडचा फायदा ओलेड किंवा ॲमोलेड स्क्रीनलाच होतो, एलसीडी असेल तर जवळपास नाहीच. स्क्रीन सेकंदाला किती वेळा ताजी होते तो आकडा सेटिंगमध्ये १२० हर्ट्झवरून ६० वर आणला तरी थोडं वाचतं.

उष्णता आणि जुन्या समजुती

आजच्या फोनमधल्या लिथियम-आयन बॅटरीचा खरा वैरी उष्णता. हंगामात गुऱ्हाळावरचे फोन येतात, मागचं झाकण फुगून वर आलेलं. काहिलीशेजारी, चुलवाणाच्या धगीत फोन चार्जिंगला लावून व्हिडिओ चालू. दुसरं काय होणार? आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असं ॲपल सांगतं, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा त्याच्या वर जातो. मग गाडीच्या हँडलवर उन्हात लावलेला, नकाशा आणि चार्जिंग दोन्ही चालू असलेला फोन किती तापत असेल? झाकण फुगलं असेल तर दाबून बसवू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका. तसाच दुकानात घेऊन या.

"आठवड्यातनं एकदा पूर्ण शून्यावर आणायची," हे अजून ऐकायला मिळतं. ती निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातली गोष्ट. लिथियमला शून्य सोसत नाही, आणि तासन्‌तास शंभरावर गरम पडून राहणंही आवडत नाही. रात्रभर लावायचंच असेल, तर फोनमध्ये ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल ती चालू करा. उशीखाली ठेवून तर चार्ज करूच नका.

खरंच बॅटरी गेली असेल, तर ती खुणा दाखवते. चाळीसवरून एकदम बारावर येते, तीस टक्के असताना फोन बंद पडतो, फ्लॅश मारला की स्क्रीन काळी होते. आतला अवरोध वाढलेला असतो, त्यामुळं जोराची मागणी आली की व्होल्टेज कोसळतं. आयफोनमध्ये बॅटरी हेल्थ, म्हणजे नवी असतानाच्या मानानं उरलेली क्षमता, ८० टक्क्यांच्या खाली गेली की बदलायचा विचार करा. आयफोन १४ पर्यंत साधारण ५०० आवर्तनांनंतर आणि १५ पासून पुढं १,००० नंतर ८० टक्के क्षमता उरावी, असा ॲपलचा हिशोब आहे. आज पन्नास टक्के वापरले, उद्या पन्नास, की एक आवर्तन झालं.

बदलायला दिलीत तर एक विचारून घ्या, झाकणाची चिकटपट्टी नवी लावणार का. फोन एकदा उघडला की पाण्यापासूनचा बचाव पहिल्याइतका राहीलच असं नाही. बॅटरी नवी झाली म्हणून त्याच आठवड्यात भर पावसात खिशात टाकून पन्हाळ्याला गेलेला एक फोन सध्या माझ्या टेबलावर उघडा पडलाय, आणि या वेळी बॅटरी तेवढी चांगली आहे.