ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा घरी कापायचाय? हत्यार असं निवडा

पावसाळा तोंडावर आला की कोल्हापुरात घरोघरी पत्र्याची बारीकसारीक कामं निघतात. खिडकीवर छोटा छज्जा हवा असतो, पन्हळीचा जोड तुटलेला असतो, कुणाला शेगडीमागे तेलाचे शिंतोडे अडवायला पत्रा लावायचा असतो. या कामांना ॲल्युमिनियम उत्तम. ते लोखंडासारखं गंजून सडत नाही, वजन लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश भरतं आणि हाताच्या हत्यारांनी निघतं. अडचण हत्यार निवडताना येते. दुकानदार जिगसॉ म्हणजे अरुंद पात्याची विजेवरची करवत दाखवतो, शेजारी ग्राइंडर द्यायला तयार असतो आणि घरातली कात्री फुकट जाते. घरगुती कामात विजेच्या यंत्राचा विचार सगळ्यात शेवटी करावा, असं माझं ठाम मत आहे. आधी पत्र्याची जाडी बघा, मग कापाची रेघ बघा. निम्मी निवड तिथंच होते.

जाडी कशी ओळखायची

बाजारात पत्रा गेजमध्ये बोलला जातो आणि गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ. २४ गेज म्हणजे सुमारे ०.५६ मिमी, २२ गेज ०.७१, २० गेज ०.९१, १८ गेज १.२२ आणि १६ गेज १.६३ मिमी. जाडी मोजायचा व्हर्निअर असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. १ मिमी जाडीच्या साध्या ॲल्युमिनियम पत्र्याचं वजन दर चौरस फुटाला साधारण २५० ग्रॅम भरतं. तुमचा फूटभर चौकोनी तुकडा १८० ग्रॅमच्या आसपास भरला तर तो २२ गेज धरा. पत्रा किलोवर घेताना हाच हिशोब उपयोगी पडतो: ८ बाय ४ फुटांचा १ मिमीचा अख्खा पत्रा ८ किलोच्या आसपास जातो.

दुकानात एसीपी शीटही ॲल्युमिनियम म्हणूनच मिळते. दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लॅस्टिकसारखा थर, असा तो माल असतो. त्याला वरचा हिशोब आणि खालची पद्धत लागू नाही.

रेघ सरळ आणि लांब असेल तर

कोल्हापुरात राहण्याचा फायदा इथं घ्या. शिवाजी उद्यमनगरात इंजिनिअरिंगचे वर्कशॉप एकमेकांना खेटून आहेत. शेरिंग मशिन असलेला गाळा शोधा, कागदावर मापं मिलिमीटरमध्ये लिहून न्या आणि आधी विचारा, “मालक, एवढा पत्रा मारून मिळेल का?” तीन-चार फुटांचा सरळ काप शेरिंगवर एका दाबात निघतो. घरी कितीही जपून कापलं तरी तेवढी सरळ कड येणं अवघड. दुमडायचंही असेल तर बेंडिंग तिथंच करून घ्या. खाचा, कोपरे, गोलाई आणि जागेवर बसवतानाची छाटणी तेवढी घरी ठेवा.

घरीच सरळ कापायचं असेल आणि पत्रा १ मिमीच्या आत असेल तर कात्रीही लागत नाही. जाड पात्याचा कटर आणि लोखंडी पट्टी पुरते. पट्टी दोन क्लॅम्पनी घट्ट बसवा. पहिली ओढ अगदी हलकी मारा, तिनं फक्त वाट पाडायची. जोर लावलात तर पातं पट्टी सोडून पळतं आणि पत्र्यावर कायमची रेघ पडते. मग त्याच वाटेवरून जोर थोडा थोडा वाढवत पुन्हा पुन्हा ओढा. मागच्या बाजूला रेघ पुसट उमटलेली दिसली की थांबा. रेघ टेबलाच्या कडेवर आणा, वरून फळी दाबून क्लॅम्प करा, बाहेरचा भाग खाली वाकवा, परत वर आणा. दोन-चार वेळा असं केलं की पत्रा रेघेवर स्वच्छ सुटतो. दोन गोष्टी ध्यानात ठेवा: रेघ या कडेपासून त्या कडेपर्यंत जायला हवी आणि पत्रा कडक हवा. हाताने सहज मुडपणारा मऊ पत्रा असा तुटत नाही, नुसता वाकत राहतो. शंका असेल तर आधी कोपऱ्यावर करून बघा.

वळण आणि खाचांसाठी कात्री

घरात एकच हत्यार घ्यायचं तर पत्र्याची कात्री घ्या, त्यातही दुहेरी सांध्याची एव्हिएशन कात्री. मुठीच्या रंगावरून ती ओळखू येते: पिवळी सरळ कापाला, लाल डावीकडे वळायला, हिरवी उजवीकडे. यांतल्या बऱ्याच कात्र्या १८ गेजच्या लोखंडी पत्र्यापर्यंत चालतात, त्यामुळं त्या जाडीचं ॲल्युमिनियमही निघतं. पहिल्या खरेदीला पिवळी पुरे. गोलाई जास्त असेल तरच बाकीच्या घ्या.

कात्री चालवताना पत्रा जबड्यात अगदी आतपर्यंत घाला, पण जबडा टोकापर्यंत मिटू नका. पूर्ण मिटला की प्रत्येक दाबाच्या शेवटी कडेवर बारीक चिरा पडतो आणि पुढं तोच हाताला लागतो. तीन चतुर्थांश दाबा, पुढं सरका, पुन्हा दाबा. रेघेवर थेट जाण्याआधी बाहेरून दहा-बारा मिमी सोडून जादा पत्रा काढून टाका. उरलेली अरुंद पट्टी कात्रीच्या बाजूनं गुंडाळत निघून जाते आणि कामाचा भाग सपाट राहतो. मधोमध खिडकी पाडायची असेल तर आधी कात्रीचं तोंड शिरेल एवढं भोक ड्रिलनं पाडा. पत्रा लाकडावर क्लॅम्प करूनच. मोकळा पत्रा ड्रिलच्या बिटात अडकून गरकन फिरतो आणि बोटं कापतो.

करवत आणि जिगसॉ

१ मिमीच्या वर कात्री हाताला जड जाऊ लागते. तिथं हॅक्सॉ घ्या, पण ब्लेड इंचाला ३२ दात असलेलं. दात मोठे असले की ते पातळ कडेला अडकतात, पत्रा फडफडतो आणि दात तुटतात. त्यावर नामी उपाय म्हणजे पत्रा प्लायच्या दोन पातळ तुकड्यांत सँडविचसारखा दाबून लाकडासकट कापायचा. जिगसॉलाही हेच. त्यासाठी बारीक दातांचं धातूचं ब्लेड मागा. बॉशच्या क्रमांकात टी ११८ जी साधारण दीड मिमीपर्यंत आणि टी ११८ ए एक ते तीन मिमीला चालतं. वेग मध्यम ठेवा. ॲल्युमिनियम गरम झालं की दातांत चिकटून बसतं, म्हणून ब्लेडला अधूनमधून मेणबत्ती घासा. मेण नसेल तर रॉकेलचे दोन थेंब हॅक्सॉच्या ब्लेडला चालतील, जिगसॉला मात्र नको.

ग्राइंडर या कामात मला पटत नाही. लोखंडाची साधी चकती ॲल्युमिनियमनं भरून येते, मग ती कापण्याऐवजी घासते, तापते आणि फुटूही शकते. उडणारी बारीक भुकटी पेट घेऊ शकते. वापरायचाच असेल तर ॲल्युमिनियमची वेगळी पातळ चकती लावा आणि आधी त्याच जागेवर लोखंड घासलं असेल तर ती भुकटी झाडून घ्या.

खुणा आणि कड

माप बारीक मार्करनं आखा. जिथं पत्रा वाकवायचा तिथं टोकदार अणीनं ओरखडा काढू नका, नेमका तिथंच तो तडकतो. कापल्यावर कडेला बर, म्हणजे धातूची बारीक धारदार कोर, राहते. डोळ्यांना ती फारशी दिसत नाही, पण बोट फिरवलं की रक्त काढते, म्हणून हातमोजे शेवटपर्यंत काढू नका. बारीक कानस कडेच्या लांबीनं, एकाच दिशेनं चालवा. कानशीला आधी खडू चोळला की दातांत ॲल्युमिनियम अडकत नाही. लहान मुलांचा हात लागेल अशा जागी नुसती कानस पुरत नाही. तिथं मापातच पाच-सहा मिमी जादा धरा आणि ती पट्टी लाकडी हातोडीनं आत दुमडून चपटी करा.