मोटर चालू असेपर्यंत पायात चप्पल

आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको, पाणी सुटलं की हौद, टाकी, पिंप, घागरी सगळं भरून घ्यायचं. घरात ते काम माझ्याकडे. मी मोटर चालू करायची, खोलीत जायची आणि फोन हातात घ्यायची. मग गच्चीवरून धार लागली की शेजारच्या काकू हाका मारायच्या. आई एकदा रडलीच. "लक्ष कुठं असतंय गं तुझं?" मला खरंच सांगता यायचं नाही.

आता बटण दाबलं की मी आधी बाहेरची चप्पल पायात घालते आणि घरात तशीच वावरते. घरात चप्पल खटकते, पावलापावलाला आठवण होते. आईलाही दिसतं. मोटर बंद केली की चप्पल दाराबाहेर. वर्षभरात टाकी एकदाही वाहिलेली नाही.

मी बावीस वर्षांची आहे, बी.कॉम. झालंय, आणि मला एडीएचडी (लक्ष टिकवणं, काम सुरू करणं अवघड जातं) आणि अँग्झायटी (सतत भीती, चिंता वाटते) दोन्ही आहेत. एडीएचडीत हातातली गोष्ट थोडा वेळ डोक्यात धरून ठेवायची ताकद कमी पडते. त्यामुळे लक्षात ठेवायचं काम डोक्यावर सोडूच नका. नुसता अलार्मही पुरत नाही, तो आपण बंद करतो आणि विसरतो. पायाला लागेल, वाटेत आडवी येईल अशी खूण करा. मला कॉलेजात फॉर्म द्यायचा असला की तो मी डब्याच्या झाकणाला रबरानं बांधायची.

दुसरी गोष्ट समजायला मला जास्त वेळ लागला. बारावीपर्यंत मी भीतीच्या जोरावर अभ्यास केला. परीक्षेच्या आदल्या रात्री छातीत धडधड सुरू झाली, हातपाय गार पडले की मगच पुस्तक उघडायचं. मार्क बरे पडायचे, म्हणून कुणाला शंका आली नाही. कॉलेजात ती धडधड रोजचीच झाली. मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले, अँग्झायटीवर उपचार सुरू झाले, भीती उतरली आणि पाठोपाठ अभ्यासही बंद पडला. तेव्हा डॉक्टरांनी लहानपणाबद्दल विचारलं. एडीएचडीची लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून दिसायला लागतात आणि घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. आईनं माझी जुनी प्रगतिपुस्तकं काढली. चौथीपासून शेरा एकच, "हुशार आहे, पण लक्ष देत नाही." दंगा न करणाऱ्या, नुसत्या हरवून बसणाऱ्या मुली अशाच सुटून जातात. तुम्ही तपासणीला जाल तेव्हा प्रगतिपुस्तकं न्या, शक्य असेल तर आईवडिलांपैकी कुणाला तरी न्या, आणि काय सांगायचं ते कागदावर लिहून न्या. समोर बसल्यावर निम्मं आठवत नाही.

तर भीती गेली की तिच्या जागी काम सुरू करून देणारं दुसरं काहीतरी आधीच उभं करून ठेवावं लागतं. माझं घरातच सापडलं. अप्पा यंत्रमागावर टॉवेल विणतात. धोट्यातली कांडी, म्हणजे सूत गुंडाळलेली नळी, संपली की माग थांबतो, अप्पा नवी कांडी घालतात, माग परत सुरू. दिवसभर हेच. थांबला म्हणून ते मागावर चिडत नाहीत. मी अभ्यासाची कांडी केली बारा मिनिटांची. बारा मिनिटं, मग उठायचं, पाणी प्यायचं, दुसरी कांडी. पहिली कांडी फार सोपी ठेवायची: वही उघडून तारीख आणि गणिताचा नुसता प्रश्न लिहायचा. आणि शेजारी माणूस हवं. आई शेंगा फोडत बसते, मी तिच्याजवळ वही घेऊन बसते. बोलायचं नाही. एकटीनं खोलीत दार लावून मला कधीच जमलं नाही.

अडकलात की स्वतःला विचारा, सुरुवातच होत नाही का भीती वाटतेय? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, उपाय वेगळा. सुरुवात होत नसेल तर कांडी आणि माणूस. भीती असेल तर जे टाळताय तेच थोडं थोडं करायचं, कारण टाळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि पुढच्या वेळी भीती वाढून येते. मला ऑफिसात फोन करायचा धसका होता. आधी बोलायची दोन वाक्यं लिहिली, मग मैत्रिणीला फोन लावून तीच वाचली, मग खरा फोन. धडधड होतच होती, तरी बोलले. त्याआधी पाच-सहा वेळा श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावला, त्यानं हात थरथरायचे थांबले. संध्याकाळचा चहा सोडला, त्याचाही फरक पडला. चहा-कॉफीनं धडधड वाढते आणि झोप जाते, आणि झोप नसली की दुसऱ्या दिवशी दोन्ही आजार डोक्यावर बसतात.

औषधाबद्दल घरात भीती असते, आमच्याही होती. मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीचं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, मैत्रिणीचं तर अजिबात नाही. त्यानं भूक कमी होऊ शकते, झोप उडू शकते, कुणाकुणाची धडधड वाढते. असं झालं तर गोळी मनानं बंद न करता डॉक्टरांना सांगा. अटोमॉक्सेटिन हे एडीएचडीचंच दुसरं औषध, त्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे जातात, आठ दिवसांत निराश होऊ नका.

डॉक्टरांपर्यंत जाणं आत्ता जमत नसेल तर 14416 लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा, 2022 मध्ये सुरू झाली, फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर फोन लावा आणि घरातल्या कुणाला तरी जवळ बसवून घ्या, त्या रात्री एकटं राहू नका.

आणि घरच्यांना काय करायचं ते नेमकं सांगा. मी आईला म्हणाले, "विसरलीस का असं विचारू नकोस, चप्पल कुठंय एवढंच विचार." आता ती स्वयंपाकघरातून तेवढंच विचारते.